भाड्याच्या दुर्बिणीतून तेजोमेघ टिपताना: तास कुठे घालावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘रिमोट, म्हणजे इंटरनेटवरून चालवायच्या भाड्याच्या दुर्बिणीवर दहा तासांचा वेळ घेतला आणि त्यात रोझेट, हेलिक्स असे सात तेजोमेघ टिपले. दुर्बीण सतरा इंची होती, आकाश गडद होते, तरीही चित्रे दाणेदार आणि फिकी आली. चुकले काय? दुर्बीण, एक्स्पोजर की प्रोसेसिंग? आणि दुसऱ्याच्या दुर्बिणीतून काढलेल्या चित्राला आपले म्हणावे का?’

दुर्बीण चुकलेली नाही. प्रोसेसिंगही बहुधा चुकलेले नाही. दहा तास सात ठिकाणी वाटले गेले, तिथेच चित्र हातचे गेले. हिशेब करून पाहा. प्रत्येक तेजोमेघाच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला. त्यात तीन फिल्टर वापरले असतील तर एका फिल्टरला अर्धा तासही मिळाला नाही. एवढ्या वेळात सतरा इंची आरसासुद्धा तेजोमेघाचा ठळक भागच दाखवतो. कडेचे विरळ पदर, वायूचे धागे, बाहेरचे फिके कडे हे सगळे खरखरीखाली दबून राहते.

पहिल्यांदा मोठ्या दुर्बिणीचा वेळ हाती आला की बहुतेकांचे असेच होते. सगळे आकाश खुले असते, यादी लांब असते आणि प्रत्येक नावाला एकदा तरी हात लावावासा वाटतो. मीही सुरुवातीच्या महिन्यात आठ तेजोमेघ टिपले आणि त्यातला एकही पूर्ण झाला नाही. मग पुढच्या तीन अमावास्यांच्या रात्री एकट्या हेलिक्सवर घातल्या. कुंभेतल्या त्या तेजोमेघाच्या कड्याबाहेरचा फिका पदर पडद्यावर उमटला, तेव्हा हे काम कसे करायचे ते कळले. तेव्हापासून माझा सल्ला एकच आहे: एक तेजोमेघ निवडा आणि सगळे तास त्यालाच द्या. पुढे जे सांगतो आहे ते हे तास वाया कसे जाऊ द्यायचे नाहीत, याबद्दल आहे.

तेजोमेघाचा प्रकाश वेळेच्या प्रमाणात साठतो. खरखर, म्हणजे नॉइज, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एका तासाचे चार तास केले की चित्र दुप्पट स्वच्छ होते आणि चाराचे सोळा केले की आणखी दुप्पट. सुरुवातीचा प्रत्येक तास भरभरून देतो, नंतरचे तास हात आखडतात. पण फिके पदर याच नंतरच्या तासांत राहतात. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. ११ इंची दुर्बीण, ५१ मिनिटांचे एक्स्पोजर. त्यानंतर ते थांबले नाहीत. त्याच तेजोमेघावर ते पुन्हा पुन्हा येत राहिले आणि मार्च १८८२ मध्ये त्यांनी १३७ मिनिटांचे एक्स्पोजर दिले. दुसऱ्या फोटोत तेजोमेघाचा पसारा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

गडद आकाशाचे मोल याच हिशेबातून कळते. आकाशाचा उजेड प्रतींत मोजतात, आकडा मोठा तितके आकाश काळे; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. उत्तम काळोख्या जागी आकाशाची पार्श्वभूमी चौरस विकलेला सुमारे २२ प्रतीची असते. उजेडाने भरलेल्या शहरात ती १८.५ च्या आसपास येते. साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे सुमारे २५ पट उजळ आकाश. फिक्या वस्तूसाठी, तेवढ्याच दुर्बिणीने, ब्रॉडबँडमध्ये, म्हणजे रुंद रंगपट्टा आत घेणाऱ्या फिल्टरने, तोच दर्जा गाठायला शहरात सुमारे २५ पट वेळ लागेल. भाड्याच्या दुर्बिणीत तुम्ही आरशापेक्षाही जास्त विकत घेता तो हा काळोख. त्यामुळे आकाश उत्तम असेल तर चार इंची दुर्बिणीकडे कमीपणाने पाहू नका. माझी काही आवडती चित्रे चार इंची अपवर्तक, म्हणजे भिंगाच्या, दुर्बिणीचीच आहेत.

आता जागा. रिमोट दुर्बिणी जगात मोजक्या चांगल्या ठिकाणी एकवटल्या आहेत: चिलीतले रिओ हुर्तादोचे खोरे, ऑस्ट्रेलियातले सायडिंग स्प्रिंग, स्पेनमधले नेर्पिओ, अमेरिकेतल्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी टेकड्या. आकाश सगळीकडे चांगले आहे, म्हणून जागा कुठलीही चालेल असे समजू नका. तेजोमेघ तिथून किती उंचावर येतो ते पाहा. धनू राशीतला लगून तेजोमेघ, एम ८, याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, उणे २४ अंश (दक्षिणेला) आहे. नेर्पिओ ३८ अंश उत्तरेला आहे, तिथून तो जास्तीत जास्त २८ अंशांवर येतो. तेवढ्या खाली त्याचा प्रकाश माथ्यावरच्या तुलनेत दुपटीहून जाड हवेतून येतो, तारे फुगतात आणि निळा प्रकाश गळतो. रिओ हुर्तादोहून तोच तेजोमेघ ८४ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो. शिवाय जूनअखेरीस धनू मध्यरात्री याम्योत्तरवृत्तावर, म्हणजे सर्वांत उंच, असते आणि तेव्हाच दक्षिण गोलार्धात वर्षातल्या सर्वांत लांब रात्री असतात. म्हणजे उंचीही मिळते आणि तासही मिळतात. कॅरिना तेजोमेघ किंवा मोठ्या मॅगेलनी मेघातला टॅरँटुला यांच्यासाठी तर दक्षिणेला पर्याय नाही. टॅरँटुलाची क्रांती उणे ६९ आहे. २१ अंश उत्तरेच्या वर तो क्षितिजावरच येत नाही. उलट हंसातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ किंवा व्हेल (बुरखा) तेजोमेघ उत्तरेकडून घ्यावा. मी ३० अंशांच्या खालचे एक्स्पोजर घेतच नाही आणि शक्य असेल तेव्हा ४५ अंशांच्या वरचेच घेतो. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जागा बदलून हे पाच मिनिटांत तपासता येते.

तुमच्या सात नावांत रोझेट आहे आणि दुर्बीण सतरा इंची होती. इथे मात्र दुर्बिणीची निवड खरोखर चुकली. सतरा इंची, सुमारे २९४० मिलिमीटर नाभीय अंतराची (फोकल लेंथची) दुर्बीण आणि ३७ मिलिमीटरचा चौकोनी सेन्सर घेतला तर चित्रात आकाशाचा ४३ कलांचा तुकडा मावतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). रोझेट ८० कलांचा आहे. तुम्हाला फुलाच्या मधला पोकळ भाग आणि त्यातला तारकागुच्छ मिळाला, पाकळ्या बाहेर राहिल्या. ५३० मिलिमीटरच्या छोट्या अपवर्तक दुर्बिणीवर, पूर्ण फ्रेमच्या सेन्सरसह, जवळजवळ चार बाय अडीच अंश मावतात. तिथे रोझेट आजूबाजूच्या धुळीसकट ऐसपैस बसतो. याच्या उलट स्वरमंडलातला रिंग तेजोमेघ घ्या. त्याचे कडे जेमतेम दीड कलेचे आहे. ५३० मिलिमीटरवर, ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलसह, ते साठ पिक्सेलांत संपते. त्याला मोठी दुर्बीणच हवी.

पिक्सेलमागे किती विकला येतात ते काढायला सोपे सूत्र आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा. चांगल्या जागीही वातावरण ताऱ्याला एक ते दोन विकलांपेक्षा बारीक क्वचितच ठेवते. म्हणून पाऊण ते दीड विकला प्रति पिक्सेल ही रेंज तेजोमेघांना सोयीची पडते. पाव विकला प्रति पिक्सेल असेल तर तपशील वाढत नाही, प्रकाश मात्र जास्त पिक्सेलांत विभागला जातो. अशा वेळी बिनिंग करा, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकत्र मोजा, संकोच करू नका.

फिल्टरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त तास इथेच चुकीच्या जागी खर्च होतात.

आधी तेजोमेघाचा प्रकाश येतो कुठून ते पाहा. उत्सर्जन तेजोमेघातला वायू तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी आयनित होतो आणि ठरावीक तरंगलांबीवर स्वतः प्रकाशतो. हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरवर, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ वर, सल्फर ६७१.६ आणि ६७३.१ वर. तीन नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर फक्त ती रेषा आत सोडतो आणि आकाशाचा बहुतेक उजेड बाहेर ठेवतो. म्हणून नॅरोबँड. परावर्तन तेजोमेघ मात्र स्वतः प्रकाशत नाही. त्यातली धूळ जवळच्या ताऱ्याचा प्रकाश विखुरते आणि त्या प्रकाशात सगळे रंग असतात. कृत्तिकांभोवतीची निळी धूळ किंवा मृगातला एम ७८ नॅरोबँडमध्ये टिपायला गेलात तर दहा तासांनंतरही हाती काही लागणार नाही. तिथे साधे लाल, हिरवे, निळे आणि ल्युमिनन्स (सगळे रंग एकत्र घेणारा) हेच फिल्टर, आणि चंद्र नसलेली रात्र. त्रिफिडसारख्या तेजोमेघात दोन्ही जाती शेजारी शेजारी आहेत. त्याला फक्त नॅरोबँड लावले तर सुंदर निळा अर्धा भाग नाहीसा होतो. काळ्या धुळीच्या मेघांनाही हेच लागू. ते दिसतात ते मागच्या प्रकाशावर पडलेल्या सावलीसारखे. घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ काळा असूनही हायड्रोजन-अल्फात उठून दिसतो, कारण त्याच्या मागचा पडदा हायड्रोजनचा आहे. विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ मध्ये तो हार्वर्डच्या एका काचेच्या प्लेटवर सापडला, तोही मागच्या उजळ पट्टीत पडलेल्या खाचेच्या रूपात.

ऑक्सिजनच्या रेषेचा इतिहास मला फार प्रिय आहे. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये एका बिंबाभ्रिकेचा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेल्या वायूच्या कवचाचा, वर्णपट पाहिला, तर ताऱ्यासारखा सलग पट्टा नव्हता, मोजक्या सुट्या रेषा होत्या. त्यांतली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: तो ऑक्सिजनच आहे, पण इतक्या विरळ अवस्थेत की प्रयोगशाळेतल्या दाट वायूत ही रेषा उमटण्याआधीच अणूंच्या टकरींत ती ऊर्जा निघून जाते. तुम्ही ऑक्सिजनचा फिल्टर लावता तेव्हा ही रेषा टिपत असता.

व्यवहारात हायड्रोजन बहुतेक तेजोमेघांत सर्वांत ठळक असतो, ऑक्सिजन आणि सल्फर फिके. नवे लोक तिघांना सारखा वेळ देतात. मी तसे करत नाही. हायड्रोजनला दोन तास दिले तर ऑक्सिजनला चार आणि सल्फरलाही चार. फिक्या रेषेची खरखर शेवटी रंगांत डाग होऊन उतरते आणि ती झाकायला मग प्रोसेसिंगमध्ये नाना खटाटोप करावे लागतात. बिंबाभ्रिका आणि व्हेलसारखे महानवताऱ्यांचे अवशेष यांत ऑक्सिजन मुळातच ठळक असतो. तिथे सल्फर सोडून दिला तरी चालतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोघांतून देखणे चित्र होते. अजून एक बारीक गोष्ट: हायड्रोजन-अल्फाच्या अगदी शेजारी, ६५८.४ नॅनोमीटरवर, नायट्रोजनची रेषा आहे. सात नॅनोमीटरचा फिल्टर ती आत घेतो, तीनचा बहुतांशी बाहेर ठेवतो. हेलिक्सच्या कड्यात नायट्रोजन भरपूर आहे. दोन दुर्बिणींचा डेटा एकत्र करताना कडे वेगवेगळ्या जाडीचे दिसले तर कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी फिल्टरची रुंदी विचारा.

चंद्राचेही यातच येते. चांदणे म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश, आणि हवा त्यातला निळा-हिरवा भाग जास्त विखुरते. ऑक्सिजनची रेषा नेमकी तिथेच आहे. म्हणून हायड्रोजन आणि सल्फर चांदण्या रात्री घ्यावेत, चंद्रापासून निदान साठ अंश दूर. ऑक्सिजन आणि सगळे ब्रॉडबँड फिल्टर अमावास्येच्या आसपास. अनेक सेवा चंद्राच्या कलेनुसार दर कमी करतात. त्या सवलतीच्या रात्री लाल रेषांना द्या आणि काळोखाचा एकही तास त्यांच्यावर खर्चू नका. माझे निम्मे वेळापत्रक या एका नियमावर चालते.

एका एक्स्पोजरची लांबी किती ठेवावी? इथे अंदाजाने काम करण्याची गरज नाही. कॅमेरा प्रत्येक वेळी चित्र वाचताना थोडी खरखर घालतो, तिला रीड नॉइज म्हणतात. एका एक्स्पोजरमध्ये आकाशाच्या पार्श्वभूमीतून येणारे इलेक्ट्रॉन त्या खरखरीच्या वर्गाच्या दहापट झाले की ती खरखर नगण्य होते. त्यापुढे एक्स्पोजर लांबवून फायदा नाही. आजच्या सीमॉस कॅमेऱ्याची रीड नॉइज सुमारे दीड इलेक्ट्रॉन असते, म्हणजे फक्त २२ इलेक्ट्रॉन पुरतात. जुन्या मोठ्या पिक्सेलच्या सीसीडीची नऊच्या घरात असते, म्हणजे ८१० लागतात. त्यामुळे रिमोट दुर्बिणीवर कॅमेरा कोणता आहे हे पाहिल्याशिवाय कुणाची एक्स्पोजरची सेटिंग उचलू नका. नॅरोबँडसाठी सीमॉसवर ३०० ते ६०० सेकंद पुरतात. सीसीडीवर मी १२०० किंवा १८०० सेकंद देतो.

पडताळणी अशी करा. एक कच्चे चित्र घ्या, त्याचा मध्यक काढा, त्यातून तेवढ्याच वेळाच्या डार्कचा, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या चित्राचा, मध्यक वजा करा आणि कॅमेऱ्याच्या गेनच्या आकड्याने गुणा. समजा चित्राचा मध्यक ६२०, डार्कचा ५००, आणि एका एककामागे पाव इलेक्ट्रॉन. म्हणजे ३० इलेक्ट्रॉन. दीड इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या कॅमेऱ्याला एवढे भरपूर झाले. म्हणूनच मी नव्या दुर्बिणीवर आधी एकच एक्स्पोजर मागतो आणि त्याचे फाइलमधले आकडे पाहून मगच रात्र आखतो. त्या एका चित्रात क्षेत्र बरोबर बसले का, तारे गोल आहेत का, फिल्टर सांगितलेलाच लागला का, हेही कळून जाते.

तेजस्वी गाभ्याचे अपवाद आहेत. मृगातल्या एम ४२ च्या गाभ्यातले चार तारे, ट्रॅपेझियम, ३०० सेकंदांत पांढऱ्या डागात बुडतात. तिथे पाच-दहा सेकंदांची वीसेक आणि तीस सेकंदांची तेवढीच एक्स्पोजर वेगळी घ्यावी लागतात. एकूण वेळ किरकोळ लागतो, पण नंतर आठवण झाली तर तो गाभा परत मिळत नाही.

दोन एक्स्पोजरांच्या मध्ये दुर्बीण काही पिक्सेल हलवणे, म्हणजे डिदरिंग, चालू आहे का ते विचारून घ्या. सेन्सरचे गरम पिक्सेल आणि ठरावीक नक्षी जागची हलत नाही. तारे हलले की स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सगळी चित्रे एकावर एक जुळवून मिसळताना, ती वेगळी ओळखता येते आणि गाळली जाते. डिदरिंग नसेल तर वीस तासांच्या चित्रातही तिरप्या रेघोट्यांची पावसासारखी सर उमटते आणि ती नंतर कशानेच जात नाही. उपग्रहांच्या रेघांची मात्र चिंता करू नका. प्रत्येक फिल्टरची पंधरा-वीस चित्रे असली की सिग्मा क्लिपिंग, म्हणजे इतर चित्रांशी न जुळणारे आकडे गाळणे, त्या सहज पुसते. चित्रे पाच असतील तर पुसता येत नाहीत. विखुरलेल्या तासांचे हेही एक नुकसान.

फाइल्स हाती आल्या की घाईने स्टॅक करू नका. बऱ्याच सेवा कॅलिब्रेट केलेली, म्हणजे कॅमेऱ्याचे दोष काढलेली, चित्रे देतात. तरी कच्ची चित्रे, डार्क, फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे चित्र) आणि बायस (जवळजवळ शून्य वेळेचे चित्र) हेही उतरवून घ्या. फिट्स या खगोलीय चित्रांच्या फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या नोंदीत, तापमान, फिल्टर, एक्स्पोजर, कॅमेऱ्याचा कोन सगळे लिहिलेले असते, ते वाचा. डार्कचे तापमान आणि वेळ चित्राशी तंतोतंत जुळले पाहिजेत. फ्लॅट त्याच फिल्टरचा आणि कॅमेऱ्याच्या त्याच कोनातला हवा. एकदा मला मिळालेले फ्लॅट दुरुस्तीआधीचे होते आणि मधल्या काळात कॅमेरा फिरवला गेला होता. धुळीच्या कणांची वर्तुळे पुसली जाण्याऐवजी दुप्पट झाली: खरी एकीकडे, त्यांच्या उलट्या सावल्या दुसरीकडे. मी चार दिवस पार्श्वभूमी सपाट करण्यात घालवले. हेडरमधला कोन पाहिला असता तर पाच मिनिटांत कळले असते. नवे फ्लॅट मागितले, ते आले आणि चित्र सुधारले. सेवेचे लोक बहुधा मदत करतात, फक्त प्रश्न नेमका विचारावा लागतो.

नंतर प्रत्येक चित्र एकेक करून पाहा. ताऱ्यांची जाडी, गोलाई आणि पार्श्वभूमी या तीन आकड्यांवरून वाईट चित्रे बाजूला काढा. पातळ ढगातून आलेली चित्रे फसवतात. तारे गोलच असतात, पण पार्श्वभूमी वर गेलेली आणि ताऱ्यांची संख्या घटलेली असते. मी साधारण दहातले एक टाकतो. ढग आल्यामुळे बुडालेल्या वेळेची भरपाई बहुतेक सेवा देतात, म्हणून टाकलेल्या चित्रांची नोंद ठेवा.

प्रोसेसिंगमध्ये क्रम महत्त्वाचा आहे. चित्र अजून रेषीय असताना, म्हणजे ताणण्याआधी (फिके भाग उजळण्याआधी), पार्श्वभूमीचा उतार, म्हणजे एका कडेकडून दुसरीकडे बदलत जाणारा उजेड, काढा. ग्रॅक्सपर्ट किंवा सिरिल हे काम करतात आणि दोन्ही मोफत आहेत. इथे जपून. मोठ्या तेजोमेघात फिका वायू चित्राच्या कडेपर्यंत पसरलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्यालाच उजेडाचा उतार समजून खरवडून टाकते. काढलेल्या उताराचे चित्र वेगळे जतन करून पाहा. त्यात तेजोमेघाचा आकार दिसू लागला तर तुम्ही प्रकाशप्रदूषण काढत नाही, तेजोमेघ काढता आहात. ब्रॉडबँडमध्ये रंगांचे संतुलन गाया या अंतराळ दुर्बिणीच्या तारासूचीवरून करा, डोळ्यावर जाऊ नका. मग तारे वेगळे काढा, तेजोमेघ ताणा आणि शेवटी तारे हलक्या हाताने परत ठेवा.

नॅरोबँडच्या रंगांवर पुष्कळ वाद होतात. हबलच्या १९९५ मधल्या गरुड तेजोमेघाच्या खांबांच्या चित्रात जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला. डोळ्याला सल्फर आणि हायड्रोजन दोन्ही लालच दिसतील, त्यांत जेमतेम १६ नॅनोमीटरचे अंतर आहे. वेगळे रंग दिले म्हणून कुठे कोणता वायू आहे ते वाचता येते. मी या रंगांना खोटे म्हणत नाही. मात्र चित्राखाली कोणत्या वायूला कोणता रंग दिला हे लिहिलेच पाहिजे.

माझा खरा आक्षेप वेगळ्या गोष्टीला आहे. न्यूरल नेटवर्कवर चालणारी धार लावण्याची आणि खरखर काढण्याची साधने आता प्रत्येकाकडे आहेत आणि मीही ती वापरतो. पण डेटा तोकडा असेल तर ती खरखरीलाच आकार देतात. दाण्यांतून धागे विणतात, गुळगुळीत वायूत कप्पे पाडतात. चित्र देखणे होते आणि त्यातला अर्धा तपशील आकाशात नसतो. यावर माझी कसोटी अशी आहे: सगळी एक्स्पोजर दोन गटांत वाटायची, सम क्रमांकाची एकीकडे आणि विषम क्रमांकाची दुसरीकडे. दोन वेगळे स्टॅक करायचे, दोघांवर अगदी सारखी प्रक्रिया करायची आणि एकमेकांवर ठेवून आलटून पालटून पाहायचे. जो धागा दोन्हींत त्याच जागी, त्याच वळणाने दिसतो तो खरा. एकात दिसतो आणि दुसऱ्यात विरतो, तो ठेवायचा नाही. तुमच्या सातही चित्रांवर ही कसोटी लावून पाहा. कुठे किती तास कमी पडले ते नेमके कळेल.

आता चित्र कुणाचे, हा प्रश्न. तेजोमेघ, जागा, क्षेत्र, फिल्टर, तास हे तुम्ही ठरवले आणि कच्च्या फाइल्सपासून चित्र तुम्ही घडवले, तर ते तुमचे आहे. निःशंकपणे नाव द्या आणि खाली दुर्बीण, जागा व एकूण तास लिहा. अनेक जण एकत्र येऊन घेतलेल्या डेटावर काम केले असेल तर सर्वांचा उल्लेख करा. दुसऱ्याने आखून टिपलेला तयार डेटा घेतला असेल तर तेही स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या छायाचित्र स्पर्धेत सार्वजनिक डेटावरच्या कामाला ॲनी माउंडर यांच्या नावाचे पारितोषिक दिले गेले आहे. इतर स्पर्धांत मात्र नियम निरनिराळे असतात, पाठवण्याआधी ते वाचा.

हौशी लोकांच्या या तासांतून नवे काही सापडते का, असे कुणी विचारले तर मी देवयानी दीर्घिकेचे उदाहरण देतो. आकाशातली सर्वांत जास्त टिपली गेलेली दीर्घिका. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हिए स्ट्रोटनर आणि यान सँती या हौशी निरीक्षकांना २०२२ मध्ये तिच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशात जवळजवळ दीड अंश लांबीची फिकी कमान सापडली. चंद्रबिंबाच्या तिप्पट लांब, आणि तोवर कुणाला दिसली नव्हती. कारण त्या दीर्घिकेवर ऑक्सिजनच्या फिल्टरने इतके तास घालावेत असे फारसे कुणाला वाटलेच नव्हते. शोध जाहीर करण्याआधी त्यांनी वेगवेगळ्या दुर्बिणींनी तो पडताळून घेतला.

तुमच्या पुढच्या दहा तासांसाठी माझी सूचना: सातांपैकी हेलिक्स ठेवा आणि तीच सतरा इंची दुर्बीण दक्षिणेकडच्या जागी घ्या. त्याचे मुख्य कडे आणि बाहेरचा पदर ४३ कलांत नीट बसतात. ऑगस्टअखेरीस तो मध्यरात्री माथ्याजवळ असतो. चांदण्या रात्री हायड्रोजनचे तीन तास, अमावास्येजवळ ऑक्सिजनचे सहा, आणि ताऱ्यांच्या नैसर्गिक रंगासाठी लाल, हिरवा, निळा यांची प्रत्येकी वीस मिनिटे. आधीचा दीड तासही त्यातच मिळवा, तो वाया गेलेला नाही. पहिल्या पाच तासांनंतर थांबून सम-विषम कसोटी लावा आणि उरलेले तास कोणत्या फिल्टरला द्यायचे ते तिच्यावरून ठरवा.

माझ्या स्वतःच्या हेलिक्सवर आता बावीस तास झाले आहेत. हायड्रोजनचे दोन्ही अर्धे स्टॅक बाहेरच्या पदरापर्यंत जुळतात. ऑक्सिजनमध्ये वायव्येकडे एक बारीक कमान विषम स्टॅकमध्ये दिसते, सम स्टॅकमध्ये अजून दिसत नाही. येत्या अमावास्येला त्या एका फिल्टरसाठी आणखी सहा तास घेतले आहेत.